थांबल्यावर विझणारा दिवा

औलू शहरात, तुइराच्या पुलाजवळ, आमचं तळघरातलं दुकान.
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवस मिटतो
आणि दाराची घंटा वाजत राहते.
सगळ्यांना सायकलचा दिवा हवा असतो,
सगळ्यांना तो कालच हवा असतो.

पोरं विचारतात, किती लुमेन?
जणू लुमेन म्हणजे परीक्षेतले गुण.
जुळ्यांची आई विचारते, चोरीला जाईल का?
जाईल, मी म्हणतो, काढता येणारा घ्या,
आणि कोटाच्या आत ठेवा. बॅटरी थंडीला भिते,
उणे वीसमध्ये अर्ध्या वाटेवर मान टाकते.

राइली केम्पाइनेन आली ती परत करायलाच.
मीच विकलेला, हजार लुमेनचा,
माझ्या मते त्या कपाटातला राजा.
काउंटरवर तिनं तो पालथा ठेवला.
ती पहाटे पेपर टाकते,
एकशे चाळीस घरं, एकोणीस वर्षं.

"बिघडला?"
"छे, फार चांगला आहे.
समोरचा माणूस डोळ्यांवर हात धरतो.
काल बेकरीतला आन्सेल्मी शिवी देऊन गेला,
एकोणीस वर्षांत पहिली.
एक ससा रस्त्यात खिळून राहिला,
मी उतरून दिवा मालवला तेव्हा हलला.
आणि ह्याच्या उजेडाच्या कडेला
असा काळोख बसतो, की पाठ असलेली घरंही
मला ओळख देत नाहीत."

मी दुकानातले दिवे घालवले,
डायनॅमोवरचा एक जर्मन दिवा स्टँडला लावला
आणि चाक फिरवलं.
भिंतीवर आडवी रेघ उमटली:
खाली उजेड, वर काही नाही,
टोपी कपाळावर ओढून घ्यावी तसा.
राइलीनं रेघेखाली हात धरला, मग वर.
"हा बरा. ह्याला रीत आहे."
मग म्हणाली, "थांबल्यावर विझतो ना?"

मी फुशारकीनं सांगितलं, नाही!
आत कपॅसिटर आहे, चार मिनिटं जळत राहतो.
तिचा चेहरा उतरला.
"माझा जुना विझायचा.
नव्वद घरं झाली की मी पुलावर थांबते.
थर्मास उघडते. दिवा जातो,
मग नदी येते. एकदम नाही येत.
आधी कठड्यावरचं बर्फ, मग पलीकडचा काठ,
मग पाणी, जिथं अजून गोठलं नाही तिथलं.
चार मिनिटं म्हणजे माझी निम्मी सुट्टी."

"आणि मागून गाडी आली तर?"
"पहाटे तीनला कुठली गाडी?"
"बर्फ ढकलणारी."
ती गप्प झाली. "ती येते खरी."

मी दिवा उघडला, डाग दिला,
बोटाएवढा स्विच बसवला. दाबला की अंधार.
"म्हणजे मीच मालवायचा?"
"हो."
"ते वेगळं झालं," ती म्हणाली,
आणि बराच वेळ हातमोज्याची बोटं सरळ करत राहिली.
मग पैसे मोजले. सुटे दिले, बरोब्बर.

मागच्या लाल दिव्याला मी हात लावला नाही.
त्याचा कपॅसिटर तसाच ठेवला,
आणि तिला सांगितलं नाही.

जानेवारीत एकदा झोप येईना, बाहेर पडलो.
खिळ्यांचे टायर बर्फावर करकरत होते,
माझ्याच आवाजाची मला लाज वाटत होती.
पुलावर लांब एक लाल ठिपका. हलत नव्हता.
पुढे उजेड नव्हता.
मी पाय टेकले. कशाला कोण जाणे, मोजत राहिलो.
दोनशे तीसच्या आसपास ठिपकाही गेला.

माझा दिवा अजून जळत होता,
कारखान्यातून आला तसा, इमानदार.
मी त्याच्यावर हातमोजा दाबून धरला,
सायकल उचलूनच वळवली
आणि रेल्वेपुलाकडून गेलो.
तिकडून घर लांब पडतं.